आईने वाचवलेली वीज

प्रिय ढब्बू,

तुझा कंपनीचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. आई इस्पितळात आहे. थंडीने छाती भरली आणि अंगात झुंजायला ताकद उरलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की, भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या.

वीज कंपन्यांनी लोकांची वीज वाचवलीच पाहिजे, नाहीतर दंड भरावा, असा कायदा झाला आणि त्यापोटी तुला घरोघरी वीज वाचवून देण्याची नोकरी लागली, तो दिवस मला आठवतो. विकणाऱ्यानेच माल कमी खपवायचा, हे ऐकून मी किती हसले होते! तू मात्र कामाला पहिलं घर आईचंच घेतलंस. खिडक्यांच्या फटी बुजवल्यास, दिवे बदललेस, कमी विजेत जास्त ऊब देणारा नवा हीटर भिंतीवर बसवलास. एरवी तुला साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता. आई नुसती बघत राहिली होती.

मग जेवताना तू गमतीत म्हणालास, लोकांनी वीज वाचवली नाही तर मला घरी बसावं लागेल. मी हसले, तूही हसलास. आईने मात्र त्याची मनाशी खूणगाठ बांधली.

त्यानंतर तिने तो हीटर स्वतःसाठी लावलाच नाही रे. मी रविवारी जायची तेव्हा तो चालू असायचा, माझ्यापुरता. मी जिना उतरले की बंद. शेजारच्या शिंपीणकाकूंनी मला हे सांगितलं तेव्हा मी आईशी कडाकडा भांडले. हीटर वापरूनच वीज वाचावी म्हणून तर त्याने तो बसवलाय, असं परोपरीने समजावलं. कायदा कंपनीला आहे, तुला नाही, हेही सांगून झालं. पण माझं ऐकेल तर ती आई कसली! शांतपणे म्हणाली, "त्याच्या आईच्याच घरात वीज जळली, तर त्याचे साहेब त्याला काय म्हणतील?"

आणि तू फोनवर तिला म्हणालास, आई, अख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी वीज तुझी, तू पहिली आलीस! त्या दिवशी तिचा चेहरा बघायला हवा होतास. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं तिने. तुझ्यावर राग काढावा तर काढवत नाही. तुला कागदावर आकडा दिसत होता. दोन स्वेटर घालून, पांघरूण लपेटून अंधारात बसलेली बाई त्यात कुठे दिसणार होती? मला तरी कुठे वेळेवर दिसली?

आता बोलताना तिला धाप लागते, तरी उशाचा दिवा बंद करा म्हणून नर्सच्या मागे लागते. नर्सला वाटतं, डोळ्यांना त्रास होतो. मी बाहेर जाऊन रडून येते.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. वीज वाचवत बसण्यापेक्षा दंड भरणं कंपनीला परवडतं, म्हणून तुमचं खातंच बंद केलं, फोनही काढून घेतला, आणि हे सगळं मी आईला जपून सांगावं, असं तू लिहिलंयस. मी सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस. मिळेल ती गाडी पकडून ये. कंपनीचा निळा कोट परत केला नसशील तर घालून ये, केला असशील तर कुणाचा तरी मागून आण. तिच्या उशाशी बस, हात हातात घे आणि सांग, आई, तुझ्यामुळे माझी नोकरी टिकली. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. होऊ देत, तिला आता तेवढं दिसत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई