दुपारच्या चार बादल्या

प्रिय धाकट्या,

चिमणीचं डायलिसिस आता आठवड्यातून दोनदाच, असं तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं. आठ वर्षांच्या लेकीबद्दल बोलताना आई 'दोनदाच' म्हणायला शिकते, हे तीस वर्षं संस्कृत शिकवूनही मला ठाऊक नव्हतं.

इकडे गोठा ठीक. गाई मला गंभीरपणे घेत नाहीत; विद्यार्थीही घेत नसत. तू बांधून दिलेला गोबरगॅस चालू आहे. पहिल्या दिवशी केवढं व्याख्यान झोडलं होतंस! एका तोंडाने रोज चार बादल्या शेण घालायचं, दुसऱ्या तोंडातून तेवढंच बाहेर येणार. मधले चाळीस दिवस ते आत कुजणार, रोगजंतू बहुतेक मरणार, म्हणून ती मळी भाजीच्या वाफ्याला चालेल. घाई करू नका, हे तू नेमकं माझ्याकडे बघून म्हणालास. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या टाकीला माझ्यापेक्षा संयम जास्त आहे. गोठ्यावरचे काका तर डोळे पुसेपर्यंत हसले.

मग थंडी पडली. ज्योत धापा टाकू लागली, चहाला अर्धा तास. काका म्हणाले, असंच व्हायचं गुरुजी, पोटाला ऊब नाही तर पचणार कसं? पण पंडिताला धीर कुठला! काका दुपारी जेवायला घरी गेले की मी आणखी चार बादल्या ओतू लागलो. कोणाला बोललो नाही. ज्योत वाढली की मिरवणार होतो. जराशी वाढलीही. दीड महिना मी स्वतःच्या बुद्धीवर खूश होतो.

तेवढ्यात तुम्ही सुट्टीला आलात. चिमणीने वाफ्यातलं गाजर उपटलं, फ्रॉकला पुसलं नि खाल्लं. मीच म्हटलं, खाऊ दे, मातीने कोणी मरत नाही.

चार दिवसांत तिला रक्ताचे जुलाब लागले, मग मूत्रपिंडं थांबली. आरोग्य खात्याच्या तपासनिसाला मळीत जंतू सापडले. रोज किती बादल्या, त्याने विचारलं. चार, काका म्हणाले. त्यांच्या माहितीत चारच होत्या. तू त्यांच्यावर ओरडलास, मग कच्चं शेण टाकलंत वाफ्यात, आळशी कुठले! मी शेजारी उभा होतो. आठ घातल्या की आठ बाहेर, चाळिसाचे वीस दिवस, हे त्याच क्षणी कळलं. जन्मभर कार्यकारणभाव शिकवला. त्या दिवशी मौन पाळलं, तेही इतकं शुद्ध की एक अक्षर चुकलं नाही.

आज सकाळी काका आले. तू कामावरून काढल्यापासून त्यांना कुठल्याच गोठ्यावर उभं करत नाहीत, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. पोर कशी आहे, विचारलं. मग म्हणाले, गुरुजी, तुम्ही शिकलेले, माझं नेमकं कुठे चुकलं तेवढं सांगा, म्हणजे झोप लागेल. मी त्याच गॅसवर चहा ठेवला, त्यांना बसवलं आणि हे लिहायला घेतलं. इथवरचं आधी त्यांनाच वाचून दाखवलं. ते उठले, वहाणा घातल्या, दारातून म्हणाले, हे पोरीच्या बापाला आजच धाडा. चहा तसाच राहिलाय.

अजून म्हणू दिलंस, तर तुझाच,
दादा