डिसेंबरातलं लग्न, मेमधल्या अक्षता

आई,

तुझ्या नातीचं लग्न डिसेंबरमध्येच झालं आहे, आणि हे मला काल कळलं, तिचा टॅक्स भरताना. म्हणून लिहायला बसले. कालपासून घरातली सगळी कामं मी नेहमीसारखी केली, आज इस्त्रीसुद्धा केली, पण डोकं जागेवर नाही. हे म्हणतात, शांत हो. मी शांतच आहे. फक्त काय झालं ते मला अजून खरं वाटत नाही.

इथे टॅक्सचा हिशेब दर वर्षी आपला आपण करून सरकारला कळवावा लागतो. तू हट्टाने पूर्ण करायला लावलेलं माझं बी.कॉम. इथे असं उपयोगी पडतं. फेब्रुवारी लागला की टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँड गावातली आपली मंडळी कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्या किचन टेबलाशी येतात. मी पोहे करते आणि एकेकाला झापते. एक नियम तर मी इतक्यांदा सांगितला आहे की मुलं माझी नक्कल करतात: एकतीस डिसेंबरला तुम्ही जे असाल, ते सरकारच्या लेखी वर्षभर असता. त्या दिवशी लग्न झालेलं असलं तर अख्खं वर्ष लग्नाचं, आणि दोघांतला एकच कमावता असेल तर टॅक्स बराच कमी बसतो. मी हे बोलायचे तेव्हा माझी मुलगी त्याच टेबलावर होमवर्क करत बसलेली असायची. तिचं माझ्याकडे लक्ष आहे असं मला कधी वाटलं नाही.

काल ती आली, बरोबर तोही, ज्याला मी होणारा जावई समजत होते. लग्न मेमध्ये, मुहूर्त पुण्याहून मागवलेला, हॉल ठरलेला. ती इंजिनिअर, तो अजून शिकतो आहे. मी तिच्या फॉर्मवर 'अविवाहित'समोर खूण केली आणि म्हटलं, "लग्न झालं की ऑफिसात नवा फॉर्म दे. पगारातून टॅक्स कमी कापतील. विसरशील."

"दिला," ती म्हणाली. "जानेवारीतच."

"लग्नाआधी? खोटं लिहून दिलंस?"

"खोटं नाही, आई. तुझी ती खूण चुकली आहे. वी आर मॅरीड."

पेन माझ्या हातातच राहिलं. मी विचारलं, कुठे? कोर्टात, लंच अवरमध्ये. साक्षीदार? टेक्सासमध्ये लागत नाहीत. मग नंतर काय केलंत? "नंतर मी ऑफिसला गेले. मीटिंग होती." मी त्याच्याकडे वळले. "आणि तू मला अजून काकू म्हणतोस?" त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. "मेनंतर आई म्हणायचं असं ठरलंय, काकू."

"ते नुसतं पेपरवर्क आहे गं," मुलगी म्हणाली. "खरं लग्न मेमध्येच."

"आणि सरकारला कोणतं खरं म्हणून सांगितलंस?"

 ती खालच्या आवाजात बोलली. तेलाचा धंदा बसल्यापासून तिच्या बाबांच्या ऑफिसात सारखी कुणाची तरी नोकरी जाते, टेबल रिकामं होतं, हे तिला माहीत होतं. खर्चाच्या भीतीने मी हॉल सोडून देईन, घरातच चार माणसांत अक्षता टाकेन, असं तिला वाटलं. जानेवारीपासून पगारातले जे जास्त पैसे हातात येतात, त्यातून ती हॉलचे हप्ते भरते आहे. "आता चिडून कॅन्सल करणार आहेस का? प्लीज सांग."

 माझी नजर माझ्याच हातांकडे गेली, तुझ्या पाटल्यांकडे. तू भाकरी थापते आहेस, पाटल्या मनगटावरून वर सरकवलेल्या. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मी एक मागते. तू मान वर न करता म्हणतेस, "लग्नाआधी नाही. लग्न झालं की मागावी लागणार नाही." आणि खरंच लागली नाही. पाठवणीच्या आधी तू मोरीत बसलीस, साबण लावून दोन्ही ओढून काढल्यास, हात लालभडक झाले होते. एक शब्द न बोलता माझ्या हातात चढवल्यास आणि पदराला हात पुसलेस. तेच वाक्य मी तुझ्या नातीला लहानपणापासून ऐकवत आले.

तिलाही ते आठवत होतं. "मग आजीच्या पाटल्या?" ती म्हणाली. "लग्नानंतर म्हणायचीस ना? माझं झालंय." हसत होती, पण हात खरंच पुढे केला होता.

मी नवा फॉर्म घेतला. दोघांचा मिळून एकच, 'विवाहित'. त्यासमोर खूण केली. मग उठून सिंकपाशी गेले.

पोस्टाने पाठवायला तू आता नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या पाटल्यांच्या डबीत घडी करून ठेवेन, ती कित्येक वर्षं रिकामीच आहे. काल काय काय दिलं ते लिहून ठेवते. दोघांचा भरलेला फॉर्म, सह्या करायला. उरलेले पोहे, डब्यात. तुझी उजव्या हातातली पाटली. तिने ती तिथेच घातली. हॉल तसाच ठेवायचा असं सांगितलं. डावी साबण लावूनही निघत नाही, मेमध्ये बघू, असंही सांगितलं.

थांबते, आई.