खडूचा कडा आणि इतर चीजवस्तू

मी, लॉर्ना मे टेश्नर, कै. ऑरिन टेश्नर यांची पत्नी, मिल्डन हायस्कुलातली निवृत्त विज्ञान शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मिल्डन, राज्य कॅन्सस, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते आज राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण गावातल्या निम्म्या लोकांना याबद्दल मी तिशीत होते तेव्हापासून शंका आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आणायचा प्रयत्न पुष्कळांनी केला, त्याची हकीकत पुढे येईल. यापूर्वी लिहिलेली मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांतलं एक मी बहिणीवर चिडून लिहिलं होतं आणि ते वाचायला फार मजेदार आहे, तरी रद्द समजावं.

माझी वकील इमोजीन पॅडॉक ही माझीच विद्यार्थिनी. प्रत्येक कलमाला ती म्हणाली, "बाई, हे कायद्यात बसत नाही." जिथे खरोखरच बसत नव्हतं तिथे मी ऐकलं. बाकीच्या ठिकाणी सोडून दिलं, कारण वर्गातही ती प्रत्येक धड्याला असंच म्हणायची.

कलम पहिले. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. माझी बहीण आर्डिथ हिला हे पसंत नाही. अखेरच्या निवाड्याच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा माझे तुकडे कसे जुळणार, अशी तिला काळजी आहे. आमच्या लुथरन चर्चमध्ये मी चाळीस वर्षं ऑर्गन वाजवला आहे, त्या हक्काने सांगते, की ज्याने मातीतून माणूस उभा केला त्याला माझी जुळवाजुळव जड जाणार नाही. महाविद्यालयाच्या मुलांना माझा डावा गुडघा जरूर दाखवावा. इतका वाईट गुडघा त्यांना पुन्हा मिळायचा नाही.

कलम दुसरे. आईची गोधडी आर्डिथला. आई गेली त्या आठवड्यातच ती गोधडी आर्डिथने आपल्या घरी नेली, आणि गेली तीस वर्षं मी तिच्याकडे गेले की ती पलंगावरून काढून कपाटात दडवते. आता ती कायदेशीर तिची झाली. पलंगावर अंथरावी.

कलम तिसरे. टीव्ही चौकातल्या कॅफेला द्यावा. तिथे कोणती बातमीवाहिनी लावायची यावरून एकदा खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या. म्हणून अट अशी, की त्यावर फक्त हवामान लावावं. मिल्डनमध्ये भांडण होत नाही असा तेवढा एकच विषय उरला होता. हल्ली त्यावरूनही होतं, पण निदान आवाज तरी खालचा असतो.

कलम चौथे. ऑरिनची सुतारकामाची हत्यारं हायस्कुलाच्या सुतारकामाच्या वर्गाला. करवतीला हात लावण्याआधी मुलांनी हात धुवावेत, असं ऑरिन म्हणायचा. का ते मला कधीच कळलं नाही, पण तसं करावं.

कलम पाचवे. घर विकून येणारे पैसे आणि बँकेतली शिल्लक मिळून एक शिष्यवृत्ती ठेवावी. ती दरवर्षी मिल्डन हायस्कुलातल्या एका मुलाला किंवा मुलीला मिळावी. गुण पाहू नयेत. ज्याने किंवा जिने शिक्षकांना वर्षभर प्रश्न विचारून सर्वांत जास्त भंडावलं, त्याची निवड करावी. निवड शिक्षकांनी गुप्त मतदानाने करावी, एकमत होण्यात अडचण येणार नाही. राजधानीत बसलेले काही जण म्हणतात, की शाळांमध्ये आणि प्रयोगशाळांमध्ये घातलेला पैसा वाया जातो. असेलही. माझा आहे, मी घालते.

कलम सहावे. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात स्टिकरांचं एक भेंडोळं उरलं आहे. ते ड्वेन हकस्टेप याला द्यावं असं मी ठरवलं होतं, पण कलम दहामध्ये दिलेल्या कारणामुळे तसं करता येत नाही. त्या स्टिकरांची हकीकत मात्र इथे नोंदवते.

ड्वेन हकस्टेप माझा शेजारी. गावात त्याचं गुरांच्या खाद्याचं दुकान. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो शाळा मंडळाचा अध्यक्ष होता. त्या साली मंडळाने ठराव केला, की जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकावर एक स्टिकर लावायचं: 'या पुस्तकातली उत्क्रांती ही केवळ एक कल्पना आहे. ती घडताना कुणी पाहिलेली नाही. विद्यार्थ्यांनी मोकळ्या मनाने विचार करावा.' लावायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांना वाटलं, बाई राजीनामा देणार. मी एकही पुस्तक न वगळता, कोपरे नीट दाबून, स्टिकरं लावली. मग त्याच छापखान्यातून माझ्या खर्चाने आणखी छापून घेतली.

गुरुत्वाकर्षण ही केवळ एक कल्पना आहे, असं एक जिन्याच्या कठड्यावर लागलं. शाळेच्या खाणावळीत मांसवडीच्या परातीवर लागलं: 'हे मांस आहे, असा एक सिद्धान्त आहे.' इथपर्यंत लोक हसले. पण तिसरं मी फुटबॉल प्रशिक्षकाच्या डावपेचांच्या वहीवर लावलं: 'मिल्डन जिंकू शकतं ही केवळ एक कल्पना आहे. तसं घडताना कुणी पाहिलेलं नाही. खेळाडूंनी मोकळ्या मनाने विचार करावा.' त्या हंगामात आमचा संघ एकही सामना जिंकला नव्हता. मंडळाची तातडीची सभा भरली. देवाबद्दल बोललेलं गाव एक वेळ पोटात घालतं, फुटबॉलबद्दल नाही.

मला विज्ञानाच्या वर्गातून काढून स्वयंपाकाच्या वर्गावर धाडलं. हकस्टेपला वाटलं, आता बाई गप्प बसतील. मी आंबवलेल्या पिठाच्या दोन बरण्या ठेवल्या. विरजण एकच, त्यातले जंतूही एकच, पण एक बरणी उबेत आणि एक गारव्यात, आणि मुलं रोज पीठ घालायची. वसंत ऋतू येईपर्यंत दोन्ही बरण्यांचा वास वेगळा, पाव वेगळा, फुगण्याचा वेग वेगळा. असं का झालं, हे मी सांगितलं नाही. मुलांनीच घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर विचारलं, आणि ते पाव खाताना आईबापांना उत्तर द्यावं लागलं. मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत हकस्टेप पडला. उत्क्रांतीमुळे पडला असं मी म्हणणार नाही. बहुधा मांसवडीमुळे पडला.

नव्या मंडळाने स्टिकरं काढायचा ठराव केला. शनिवारी सकाळी मी वाचनालयात एकटी खरवडत बसले होते. दार उघडलं, तर हकस्टेप. त्याने आपलं रंग खरवडायचं पातं आणलं होतं. समोर बसला, एक पुस्तक ओढून घेतलं आणि म्हणाला, "मी हरलो म्हणून आलोय. पटलं म्हणून नाही." दुपारपर्यंत आम्ही दोघांनी ढीग संपवला. त्याचं काम माझ्यापेक्षा स्वच्छ होतं.

कलम सातवे. माझा सूक्ष्मदर्शक चर्चच्या रविवारच्या शाळेला. पाळकांनी घाबरू नये. तळ्यातलं पाणी त्याखाली धरलं की मुलांच्या तोंडून देवाचं नाव आपोआप निघतं.

कलम आठवे. गावाच्या पश्चिमेला नदीकाठी असलेला खडूच्या मऊ पांढऱ्या दगडाचा कडा, ऑरिनच्या वडिलांपासून आलेला. या जागेवर एके काळी समुद्र होता आणि त्या कड्यात शार्कचे दात, ताटाएवढे शिंपले आणि माशांचे काटे आहेत, हे मिल्डनचं प्रत्येक पोर जाणतं, मग त्याच्या घरी पृथ्वीचं वय काहीही मानत असोत. हकस्टेपला हा कडा रस्त्यासाठी खडी काढायला हवा होता. तीन वेळा तो भाव घेऊन आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "लॉर्ना, दगड आहेत ते." मी म्हटलं, "म्हणूनच मी तुला देत नाही. तुला ते दगड वाटतात."

कडा शाळा मंडळाला द्यावा, पुढील अटींवर. तिथे फावडं चालेल, सुरुंग चालणार नाही. दरवर्षी सहावीच्या मुलांना तिथे न्यावं आणि मंडळाच्या अध्यक्षाने स्वतः सोबत जावं, मग तो कुठल्याही पक्षाचा असो आणि त्याची मतं काहीही असोत. एखाद्या मुलाने दात हातात धरून विचारलं, की हा किती जुना, तर अध्यक्षाने स्वतःच्या मनाला पटेल ते उत्तर द्यावं. आठ कोटी वर्षं म्हणावं, बायबलावरून सहा हजार म्हणावं, ठाऊक नाही म्हणावं. माझी अट फक्त एवढीच, की मुलांना विचारू द्यावं आणि विचारून झाल्यावर आणखी एकदा विचारू द्यावं. मंडळाने नकार दिल्यास कडा याच अटींवर चर्चला जाईल. अध्यक्षाच्या जागी तेव्हा पाळक असतील. मी दोघांशी बोलले आहे. त्यांतल्या कुणाला जास्त घाम फुटला ते सांगत नाही.

कलम नववे. या कलमात जमीन, पैसा, वस्तू काहीच नाही. इमोजीन म्हणाली, "बाई, यात कुणाला काय मिळतं?" मी म्हटलं, "गावाला मिळतं. राहू दे."

गेल्या वर्षी आमच्या भागात गोवर आला. त्याच्या थोडं आधी शाळेच्या व्यायामशाळेत लसीबद्दल सभा झाली होती. हकस्टेप उभा राहून म्हणाला होता, की आपल्या नातीच्या दंडात काय जाईल हे राजधानीतल्या लोकांनी ठरवायचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण हसलेही नाही. हकस्टेपच्या मुलाची, क्लिंटची पाठ गव्हाच्या कोठारावरून पडून मोडली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांची त्याला चटक लागली आणि त्यांनीच त्याला नेलं. त्याची मुलगी ओपल आता आजोबांकडे असते. डॉक्टरवर अविश्वास ठेवायला लोकांना फोनवरचे व्हिडिओ लागतात. हकस्टेपला लागत नव्हते.

गोवर आल्यावर एके दिवशी मी परसात टोमॅटो तोडत होते. तो कुंपणाशी आला. मग म्हणाला, "तुझ्या लेलंडचं गोवरानेच झालं ना?"

लेलंड माझा थोरला भाऊ. सगळं गाव त्याला बहिरा म्हणूनच ओळखायचं. हकस्टेप लहानपणी त्याच्याबरोबर चेंडू खेळला होता.

"हो," मी म्हटलं.

"त्याच्याआधी त्याला ऐकू यायचं?"

"गायचा."

हकस्टेपने कुंपणाची तार धरली. म्हणाला, "क्लिंटला त्यांनीच दिलेल्या गोळ्यांनी नेलं. आता पोरगी त्यांच्याच हातात कशी देऊ?"

आयुष्यभर मी उत्तरं देत आले. इतर कुणी विचारलं असतं तर आकडे सांगितले असते, लाखात किती आणि हजारात किती. त्याच्या तोंडाकडे पाहून ते आकडे सुचले नाहीत. म्हटलं, "मला माहीत नाही, ड्वेन. मी सोबत येऊ शकते."

त्याची गाडी सगळा जिल्हा ओळखतो, म्हणून माझ्या गाडीतून गेलो. ओपल मागे बसली होती. हकस्टेपने टोपी नाकापर्यंत ओढली होती. दवाखान्यातली परिचारिका माझी विद्यार्थिनी. ती दारातूनच ओरडली, "टेश्नर बाई, या या. आणि हे हकस्टेपकाका का असे तोंड लपवून?" हकस्टेपने टोपी काढली. परिचारिकेला त्याने औषधाचं नाव विचारलं, कुठे बनतं विचारलं, काय त्रास होऊ शकतो विचारलं, आणि सगळं पुन्हा एकदा विचारलं. तिने दोन्ही वेळा शांतपणे सांगितलं. सुई टोचताना ओपल रडली नाही. हकस्टेपला मात्र खुर्ची द्यावी लागली आणि ओपलसाठी ठेवलेला सरबताचा प्याला त्यानेच प्यायला. पुढच्याच आठवड्यात ओपलच्या वर्गातली दोन मुलं गोवराने आजारी पडली. त्यांतलं एक अजून चष्म्याशिवाय फळ्यावरचं वाचू शकत नाही. ओपल धडधाकट राहिली.

परतताना हकस्टेप म्हणाला, "हे कुणाला कळता कामा नये. निदान तू जिवंत आहेस तोवर." मी मान डोलावली. वचन पाळलं. हे गावासमोर वाचलं जात आहे, म्हणजे त्याची मुदत संपली.

मला त्याची फजिती करायची नाही. म्हणजे, थोडी करायची आहे. पण मिल्डनमध्ये त्या दिवसांत अशा कितीतरी परसांत माणसं कुंपणाशी उभी होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, की भर सभेत बोलून बसलेला मीच एकटा. सभेत बोलणं सोपं आहे, मीही पुष्कळ बोलले आहे. मान खाली घालून शेजारणीच्या गाडीत बसायला जास्त छाती लागते. ड्वेन हकस्टेपकडे ती आहे, हे माझ्या हस्ताक्षरात राहावं.

कलम दहावे. हे सर्व पार पाडण्याची जबाबदारी इमोजीन पॅडॉक हिच्यावर. तिने मला समजावून सांगितलं, की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळालं तर पुढे कज्जा उभा राहतो. म्हणून मी हकस्टेपला मुद्दाम साक्षीदार केलं आहे. आता कडा राहू दे, त्याला साधं स्टिकरही मिळणार नाही. दुसरी सही पाळकांची; जे मिळेल ते चर्चला, त्यांना स्वतःला नाही. सही करण्यापूर्वी मजकूर वाचण्याचं साक्षीदारावर बंधन नसतं, हेही इमोजीनने त्याला सांगितलं. तो म्हणाला, की टेश्नर बाईने लिहिलेलं न वाचता सही करण्याइतका तो म्हातारा झालेला नाही. तो आत्ता माझ्या स्वयंपाकघरात चष्मा लावून बसला आहे आणि नवव्या कलमाशी बराच वेळ थांबला आहे. मी त्याला सांगितलं आहे, की तो नको म्हणाला तर ते कलम फाडून टाकीन. इमोजीनने कॉफी केली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून तो मला मान्य आहे. ठिकाण मिल्डन, दिनांक १४ ऑक्टोबर २०२५.

(सही) लॉर्ना मे टेश्नर

साक्षीदार पहिला: (सही) व्हर्जिल ओस्टमन, पाळक, मिल्डन लुथरन चर्च. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कड्याची अट मान्य आहे, पण बाईंनी बरीच वर्षं जगावं अशी प्रार्थना.

साक्षीदार दुसरा: (सही) ड्वेन हकस्टेप, मिल्डन. सर्व वाचलं. नववं कलम खरं आहे, राहू द्यावं. बाकीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे.