दगडी राजाची मान

चि. धाकट्या, अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. इथल्या संग्रहालयातला इजिप्तचा प्राचीन राजा येत्या सोमवारी आम्ही दुसऱ्या दालनात हलवणार आहोत. अखंड दगडाचा पुतळा, पण चेहरा थेट आपल्या रुसलेल्या मामाचा!

सवयीने बोटांनी वाजवून पाहिला. छातीपर्यंत दगड खणखणीत बोलतो, मानेपाशी मात्र बद्द वाजतो, म्हणजे आत चीर असणार. साहेबांना सांगितलं, तर हसले. "मुकादम, हजारो वर्षं टिकलाय. तुमच्याच हातून पडणार का?"

ओझं साखळीने पहिल्यांदा उचलताना त्याखाली मुकादमच उभा राहतो, ही आपली रीत तुला ठाऊकच आहे. बाकी माणसं मी लांब ठेवीन.

आईचा गुडघा कसा आहे? आणि वहिनीने विचारलं तर म्हणावं, दादा लांबूनच देखरेख करतो.

तुझा दादा