चकती कोणी फिरवली

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद आणि आशीर्वादांच्या पाठोपाठ, तुला सवय आहेच, थोडेसे व्याख्यान.

इकडे सर्व क्षेम. तुझी सौभाग्यवती शुक्रवारी दुपारी सुखरूप पोचली. गाडीत तिला खिडकी मिळाली आणि शेजारीण बोलकी मिळाली. त्यामुळे त्या बाईच्या तिन्ही सुनांची इत्थंभूत माहिती आता आपल्या घरात आहे. माझ्या संस्थेतल्या सहामाही परीक्षा उरकल्या. चष्म्याचा नंबर काढायला शिकणारी माझी मुले या वेळी इतके नेटके लिहून गेली आहेत की पेपर तपासताना मी एकटीच हसत होते. तुझा गुडघा कसा आहे? शेक घेत असशील अशी आशा करते; खात्री धरत नाही.

तू काल दोनदा फोन करून कॅमेऱ्याचे विचारलेस आणि दोन्ही वेळा ती "बघतोय अजून" एवढेच म्हणाली. तेव्हा सविस्तर वृत्तांत मीच देते. तो ऐकून तुझी मान ताठ होईल अशी बायको तुला लाभली आहे, हे आधीच नोंदवून ठेवते.

नेहमीच्या दुकानदाराकडे तुला हवा तो कॅमेरा गुरुवारपर्यंत येणार नव्हता. दीपगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात, तिथल्या एका दुकानाच्या काचेत मात्र तोच कॅमेरा मांडलेला होता आणि किंमत अशी, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. मी म्हटले, "इतका स्वस्त म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे." ती म्हणाली, "असू दे की ताई. बघायला पैसे पडत नाहीत."

या दुकानांचे शास्त्र मोठे रंजक आहे. त्यांचे गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या गावी आणि परवा आपल्या देशी जाणारे असते. ते परत येणार नाही, भांडणार नाही आणि शेजाऱ्याला सावधही करणार नाही. तेव्हा दुकानदाराला नाव राखायचे नसते, फक्त एक तास जिंकायचा असतो. काचेतली किंमत हे गळाला लावलेले आमिष. त्या किमतीला तो कॅमेरा कधीच विकला जात नाही. तो दुसरेच काहीतरी विकण्यासाठी तिथे बसलेला असतो.

विक्रेता पंचविशीचा, गोड गळ्याचा. त्याने तुझ्या बायकोला 'ताई' म्हटले आणि मला 'आजी'. तिथेच माझे त्याच्याविषयीचे मत कायम झाले.

"जुना देणार ना, ताई? बघू." असे म्हणत त्याने तुमच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि वैद्याने नाडी सोडावी तसा उसासा टाकला. "याचा डोळाच गेलाय हो. आजी, तुम्हीच बघा."

मी पाहिले. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ म्हणजे नुसता पांढरा लाडू.

"याचे कोणी काही देणार नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही लांबून आलाय, मी साहेबांशी बोलतो." आणि बोलता बोलता कॅमेरा त्याच्या खणात गेला. हा डाव नीट समजून घे. आपली वस्तू त्यांच्या खणात असली की आपल्याला उठून जाता येत नाही.

मग काचेतला नवा कॅमेरा आला. तोही त्याने आधी स्वतःच्या डोळ्याला लावला, "हं, या मालात हाच तर दोष आहे" असे पुटपुटला आणि तिच्या हाती दिला. त्यातूनही धूसर. लगेच तिसरा कॅमेरा पुढे आला. नाव कधी न ऐकलेले, किंमत दुप्पट. त्यातून भिंतीवरचे घड्याळ सेकंदकाट्यासकट लखलखीत. "फरक दिसतोय ना, ताई? डोळ्यांना खोटं सांगता येत नाही."

डोळ्यांना खोटे सांगता येत नाही! आणि हे माझ्यासमोर! पण त्याचा अंगठा मी पाहिला होता. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक इवलीशी चकती असते. चष्मेवाल्याने चष्मा काढून त्या चकतीने आपल्या डोळ्यापुरता नंबर लावून घ्यावा, एवढेच तिचे काम. ती फिरवली की पाहणाऱ्याला धूसर दिसते. फोटोला मात्र काडीचाही फरक पडत नाही. (तुला हे सांगणे म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवणे, पण मला राहवत नाही.) नवा कॅमेरा तिच्या हाती देताना त्याने ती चकती सर्रकन फिरवली होती.

मी घसा खाकरला. निदान वीस मिनिटांचे भाषण माझ्या जिभेवर तयार होते. तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पावलावर तुझ्या बायकोची चप्पल पडली.

"ताई, तुम्ही जरा पाणी प्या," ती म्हणाली. मी पाणी प्याले.

मग तिने जे केले ते मी माझ्या वर्गात शिकवणार आहे. चेहऱ्यावर भोळेपणाचा असा काही भाव, की मलाच क्षणभर तिची काळजी वाटली. "दादा, मला यातलं फार कळत नाही. ह्या काचेतल्या कॅमेऱ्याने एक फोटो काढून बघू? घरी दाखवायला बरं."

त्याला नाही म्हणता येईना. तिने त्याचाच फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर मोठा केला. त्याच्या शर्टाच्या गुंडीतले चारही दोरे मोजता येत होते.

"अय्या, दोष गेला वाटतं!" ती म्हणाली.

तो हसला, पट्टीचा कलाकार, हार मानीना. "ताई, तुम्ही हुशार आहात. घ्या मग हाच. फक्त बॅटरी, चार्जर आणि गळ्यातला पट्टा वेगळा बरं का."

"हो का? मग खोक्यावर छापलंय ते कोणाचं?" तिने खोके वळवून त्याच्यासमोर धरले. आत काय काय असते त्याची चित्रे खोक्याच्या अंगावरच असतात आणि बॅटरी त्यात पहिली. खोक्याचा शिक्का आधीच फोडलेला होता. तिने तेही बोटाने दाखवले, शब्द न बोलता. हमीपत्राचे विचारले तेव्हा तो म्हणाला, "दुकानाची हमी, ताई. माझा शब्द." ती म्हणाली, "शब्द ठेवायला पिशवी नाही आणली, दादा."

आता प्रश्न उरला खणातल्या जुन्या कॅमेऱ्याचा. मी असते तर आवाज चढवला असता. तिने विषयच बदलला. "बघा, विसरलेच. त्यातलं कार्ड काढून घेते, गिऱ्हाइकांचे फोटो आहेत." त्याने खण उघडला आणि कॅमेरा दिला. तिने कार्ड काढले आणि त्याच हाताने कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घातला. आता तो काढून घ्यायचा तर तिच्या गळ्याला हात लावावा लागला असता. "विचार करून येते हं," म्हणून ती उठली. दाराशी मालक आडवा आला आणि किंमत अर्ध्यावर आली. "अहो, एवढी उतरते म्हणजे आधी केवढी चढवली होती!" असे हसत म्हणून ती माझा दंड धरून बाहेर पडली.

धाकट्या, मी आयुष्यभर भिंगे शिकवली, पण इतक्या स्वच्छ नजरेची व्यक्ती फार क्वचित पाहिली. रस्त्यावर येताच मी तिची पाठ थोपटली आणि अडवून धरलेले भाषण सुरू केले. "लबाड मेला! दोन्ही कॅमेऱ्यांची चकती फिरवून ठेवली. आपला जुना चांगला धडधाकट आहे आणि म्हणे डोळा गेला!"

ती मान खाली घालून चालत राहिली. मला वाटले, दमली असेल. बसथांब्यावरच्या बाकावर आम्ही बसलो. गळ्यातला कॅमेरा तिने मांडीवर घेतला आणि म्हणाली,

"ताई, नव्याची चकती त्याने फिरवली. जुन्याची नाही."

"मग ती कोणी फिरवली?" मी विचारले.

"ती घरूनच तशी आली."

यापुढचे लिहिताना मघापासून दोनदा पेन खाली ठेवले आहे. पण माझा धंदाच आहे समोर दिसते ते सांगण्याचा.

ती सांगत होती ते असे. स्टुडिओत कॅमेरा एक आणि वापरणारे दोघे. पूर्वी चकती दोघांना एकाच जागी चालायची. मग एकदा तिला सकाळी ती दोन घरे सरकलेली सापडली. तिने आपल्यापुरती परत लावली. संध्याकाळी पुन्हा सरकलेली. तू काही बोलला नाहीस, तीही बोलली नाही. तिच्या अंगठ्याला ती सवयच लागली, न पाहता फिरवायची. तू आपल्या जागी नेतोस, ती आपल्या जागी आणते आणि तुझी जागा महिन्यामहिन्याला उणेकडे सरकत जाते. आता ती शेवटच्या टोकाला टेकली आहे. पुढे फिरायला चकतीच उरली नाही. हल्ली गटफोटो तीच काढते; तू "लोकांना नीट उभं करतो" म्हणून पुढे जातोस. संध्याकाळनंतर स्कूटरही काढत नाहीस. आणि लेन्सचे साधे टोपण आणायलासुद्धा दुसऱ्यावर विश्वास न ठेवणारा माझा भाऊ, कॅमेरा घ्यायला बायकोला एकटी पाठवतो आणि गुडघ्याचे कारण सांगतो.

"मग निघताना तू ती चकती आपल्या जागी का नाही आणलीस?" मी विचारले.

"मुद्दाम नाही आणली. म्हटलं, तुम्ही एकदा डोळा लावाल. मला त्यांच्याविरुद्ध बोलावं लागणार नाही आणि तुम्हाला कळेल." मग ओढणीचे टोक उगाच सरळ करत म्हणाली, "तुम्हाला कळायच्या आधी त्या मेल्याने मध्येच दुकान मांडलं."

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली. बस आली आणि गेली, आम्ही उठलो नाही.

"त्यांना सांगू नका हं," ती म्हणाली. मी मान हलवली. मानेचा अर्थ मी स्पष्ट केला नव्हता, त्यामुळे वचनभंगाचा आरोप माझ्यावर येत नाही. आला तरी घेईन.

आता लक्ष देऊन वाच. मागे तू फोनवर मोठ्या दिमाखात म्हणाला होतास की तुझा वाचायचा चष्मा सुटला. मी तेव्हा चार पोरांचे पेपर पुढ्यात घेऊन "वा, वा" म्हणाले, विचार केला नाही. पन्नाशीनंतर चष्मा आपोआप सुटत नाही. हे पत्रही तू कोपर वाकवून, चष्म्याशिवाय, मजेत वाचत असशील आणि म्हणत असशील, "मला तर सगळे स्वच्छ दिसते." जवळचे स्वच्छ दिसते तेच लक्षण आहे. तुझा नंबर उणेकडे गेला. लांबचे गेले म्हणून जवळचे आले. नंबर इतक्या लवकर सरकण्याची कारणे मोजकी असतात. तिने सांगितले की तू रात्रीतून तीनदा पाण्याला उठतोस, म्हणून माझा पहिला संशय साखरेवर आहे. रक्तात साखर चढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरते आणि त्याची ताकद बदलते. ती ताळ्यावर आली की नंबर पुष्कळदा मागे येतो. दुसरी शक्यता मोतीबिंदूची. त्यावर उपाय आहे आणि चांगला आहे. पण साखर असेल आणि तू असाच चकती फिरवत बसलास, तर नुकसान भिंगामागच्या पडद्यावर होईल आणि तिथे गेलेले परत येत नाही. बाबांचे आपण दोघांनी पाहिले आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

तुला कशाची भीती वाटते ते मला कळते. फोटो काढणाऱ्याचा डोळा गेला तर स्टुडिओच्या पाटीवर काय उरते, हीच ना? पण जरा मोजून पाहा. गेले वर्षभर तुझे एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलेले नाही. कारण तू जिथे चुकलास तिथे ती उभी होती आणि तुला कळू न देता उभी होती. आपल्या माणसाची लाज राखत त्याचे काम राखणे ही विद्या कोणत्याच संस्थेत शिकवत नाहीत, माझ्याही नाही.

गुरुवारी सकाळची वेळ मी माझ्या ओळखीच्या नेत्रवैद्यांकडे घेतली आहे. उपाशीपोटी ये, रक्तही तेव्हाच देऊ. कारण म्हणून काय सांगायचे हा प्रश्न पडला असेल, तर तेही आयते देते. नेहमीच्या दुकानदाराकडे गुरुवारी तो कॅमेरा येतो आहे आणि ही बाई हटून बसली आहे, "त्यांच्या डोळ्याला लावल्याशिवाय घेणार नाही." तेव्हा कॅमेरा पसंत करायला ये. शेजाऱ्यांना तेच सांग, स्वतःलाही हवे तर तेच सांग. फक्त ये.

ती आत कपड्यांच्या घड्या घालते आहे. तिला वाटते, मी पेपर तपासते आहे.

गुरुवारी पहिल्या गाडीला आम्ही दोघी फलाटावर उभ्या असू. गर्दीत ती तुला दिसण्याआधी तूच तिला दिसशील; तेवढे या खेपेला चालवून घे.

तुझी, आणि आता तिचीही,
थोरली