जिन्यातला बाक

४ फेब्रुवारी
कशाला बोलले मी! जिन्याच्या वळणावर सगळे भेटलो — खालचे दातांचे डॉक्टर, समोरच्या शिवणवाल्या ताई, वरचे पोस्टमास्तर. मी आपलं म्हटलं, "या बाकाची अडचण होते का हो कुणाला?" कुणीतरी "छे हो!" म्हणावं, एवढंच मनात होतं. आमचे हे शेवटी शेवटी इथेच टेकून दम खायचे. आता संध्याकाळी मी बसते.

डॉक्टर लगेच, "काढू या की! चालेल." ताई, "मलाही चालेल." पोस्टमास्तर, "सगळ्यांना चालतंय, तर मी कशाला मोडता घालू?" तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

मीही म्हटलं — चालेल!

५ फेब्रुवारी
कॉन्व्हेंट शाळेत "मला हवं" म्हणणाऱ्या मुलीला सिस्टर शेवटच्या बाकावर बसवायच्या. किती माया होती त्यांची, आणि केवढा धाक! आम्ही सगळ्याजणी "चालेल" म्हणायला शिकलो. शिक्षण पक्कं बसलंय.

८ फेब्रुवारी
भाचा आला. कॉलेजात खेळांचं गणित शिकवतो — पत्त्यांच्या नव्हे, माणसांच्या. "आत्या, जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतोय. गुप्त मतदान घे. नाव नाही, संकोच नाही."

घेतलं. डॉक्टरांच्या कवळीच्या डबीत चार चिठ्ठ्या. चारही चिठ्ठ्यांवर एकच — "बाकीच्यांना चालेल ते." माझ्याही!

भाचा डोकं धरून बसला. बाकावरच.

११ फेब्रुवारी
डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेला सुतार आला. "काढू ना?" चौघांचीही दातखीळ! "गप्प म्हणजे हो," म्हणाला, आणि उचलून नेला. ताईंनी नाक ओढलं. सर्दी झालीय म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी
सकाळी हळूच माझी खुर्ची वळणावर ठेवायला गेले — तिथे आधीच तीन! डॉक्टरांचं गोल स्टूल, ताईंची मशीनपुढची, पोस्टमास्तरांची वेताची. तिघंही बसलेले. माझी ठेवल्यावर जिनाच बंद. दूधवाला खालून कोकलतोय.

"वहिनी, मी तुमच्यासाठी हो म्हटलं," डॉक्टर पुटपुटले. "वाटलं, बाक बघून तुम्हाला त्रास होतो."

"अहो, मी रोज दुपारी इथे बसून बटणं लावायचे!" ताई.

पोस्टमास्तर म्हणाले, "मग बोलला का नाहीत?" आणि स्वतःच लाजले.

१३ फेब्रुवारी
सुतार दारात. "बायकोला घरात नकोय तो बाक. तोडून फळ्या करतो. चालेल ना?"

सगळे माझ्याकडे.

"नाही चालणार. मला हवाय!"

बसवा मला शेवटच्या बाकावर, सिस्टर. तिथेच तर बसायचंय.