गवताची भूक

१२ जुलै
कुंपण पूर्ण झाले! आता आमची एकही गाय ओढ्यात उतरणार नाही. काठाने गवताचा रुंद पट्टाही लावला आहे. दादा कमरेवर हात ठेवून बघत होता — "मास्तरीणबाई, गुरं बाहेर आणि ओढ्याला हिरवा पदर?" मी टप्प्याटप्प्याने समजावले: उतारावरून वाहत येणारी घाण या गवतात अडते, मुळे ती शोषून घेतात, आणि निवळलेले पाणीच ओढ्यात जाते. त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलेना. अखेर सोपे करून सांगितले, "दादा, हे गवत शेण खातं." तो हसला. पटले!

हा सारा खटाटोप आत्यासाठी. ओढ्याच्या खालच्या अंगाला ती एकटी राहते, हेच पाणी पिते. दोनदा अंथरूण धरले, पण घर सोडायचे नाव काढत नाही. उकळून पिते, एवढाच दिलासा.

२० जुलै
दादा येईल त्याला पट्टा दाखवत फिरतो — अगदी माझ्याच शब्दांत! वहिनी म्हणाली, जेवतानासुद्धा गवताचीच शाळा भरते. मी मनोमन सुखावले.

५ ऑगस्ट
तपासणीचा निकाल आला. पाणी पूर्वीपेक्षा वाईट. हे संभवतच नाही. नमुना घेताना माझीच काही चूक झाली असावी.

९ ऑगस्ट
दुसरा नमुना. तोच निकाल. कारण सापडत नाही.

१० ऑगस्ट
कारण सापडले.

सकाळी ओढ्यावर गेले, तर दादा ढकलगाडीतून गोठ्यातले ओले शेण पट्ट्यावर पसरत होता — थेट पाण्याच्या कडेपर्यंत. अगदी प्रेमाने. "बघ कसं तरारलंय!" तो म्हणाला. "खातं म्हणालीस ना? मग उपाशी कशाला ठेवायचं?"

मी चिखलात काडीने आकृती काढून समजावले. गवत झेपेल तेवढेच शोषते; वर लादलेले सगळे पावसाबरोबर ओढ्यात उतरते. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग गाडीचे दांडे हळूच खाली ठेवले.

"म्हणजे इतके दिवस मीच घाण करत होतो?"

"चूक माझ्या सांगण्यातली," मी म्हणाले. नीट सांगणे हेच तर माझे काम! तो जेवायला आला नाही.

दुपारी पाऊस आला. मी फावड्याने शेण मागे ओढत राहिले. जेवढे ओढले त्याहून अधिक डोळ्यांदेखत वाहून गेले.

११ ऑगस्ट
आत्याकडे गेले. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गाल आत गेलेले. पाणी उकळण्याचे पातेले फळीवर पालथे, धूळ धरलेले.

"हल्ली नाही उकळत," ती म्हणाली. "मागच्या महिन्यातच दादा येऊन सांगून गेला तुझा — तुझं गवत सगळी घाण खातं म्हणून."

आणि उन्हातून आलीस म्हणत माझ्यासाठी पेला भरला.